गाडी ओट्यापाशी थांबली होती

भांडगाव, ता. दौंड
१२ नोव्हेंबर २००२

चि. राजश्रीला आबाचा आशीर्वाद, आणि गौतमीला तिच्या आजोबाचा गोड पापा.

पत्र लिहायला बसलो तेव्हाच ठरवलं की शुक्रवारचा विषय काढायचा नाही. तुमची गाडी ओट्यापाशी थांबली, नवनाथराव नारळ घेऊन भैरोबाच्या देवळाकडं गेले, परत आले, आणि गाडी निघून गेली. तू उतरली नाहीस. का उतरली नाहीस ते तुला ठाऊक. मी विचारणार नाही. फोनवर बोलायचं तर मला त्यातलं अर्धं ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की बूथवर बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघतात. म्हणून पत्र.

पण गाडीविषयी लिहिलंच पाहिजे, कारण तान्हं लेकरू घेऊन तुम्ही तिच्यात फिरता आणि माझ्या जिवाला घोर लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या गाडीच्या दारावर पन्हाळ नाही. बारशाच्या दिवशी पावसात नवनाथराव मला शिरूरच्या स्टँडवर सोडायला आले. मी दार उघडलं आणि टपावरचं सगळं पाणी माझ्या मांडीवर आलं. एस.टी.त लोकांना वाटलं म्हाताऱ्याला काही आजार आहे. जुन्या गाड्यांना टपाच्या कडेनं पट्टी असायची, पाणी तिच्यातून मागं जायचं. ती पट्टी काढून टाकावी असं कुणाला वाटलं असेल? तो माणूस पावसात गाडीतून उतरतच नाही का?

दुसरं, जादा चाक डिकीत सगळ्यात खाली ठेवलं आहे. म्हणजे चाकाची हवा गेली की आधी सगळं सामान रस्त्यावर काढा, बाळाचं अंथरूण धुळीत ठेवा, मग चाक. डिकीला बाहेरून मूठ नाही. पुढं पेला ठेवायला एक गोल खाच केली आहे, तिच्यात तांब्या बसत नाही. बाळाला पाणी पाजायचं तर तांब्या दोन पायांत धरायचा काय? आणि गाडीचं नाक इतकं खाली आहे की न्हावऱ्याच्या रस्त्याला प्रत्येक गतिरोधकावर ते घासत असणार.

हे मी बारशाच्या पंगतीत बोललो ते जावईबापूंना लागलं हे मला ठाऊक आहे. पण मी गाडीला बोललो, त्यांना नाही. तुझा दीर म्हणाला, "आबा, तुमची आपली बैलगाडीच बरी. तिला टप न्हाई आन् पन्हाळबी नको." सगळे हसले. नवनाथराव हसले नाहीत. तेव्हापासून ते माझी पायरी चढले नाहीत. परवाही देवळात जाऊन आले, पण घरात डोकावले नाहीत.

असो. लेकरू पहिल्यांदा आजोळी येतंय म्हणून दगडाबाईनं ओवाळून टाकायला भाकरतुकडा केला होता. शेजारीण असून तिनं तुझ्या आईच्या जागी सगळी तयारी केली होती. गाडी गेल्यावर ती पुष्कळ वेळ ते ताट झाकून बसली. दिवेलागणीला तुकडा कुत्र्याला घातला.

गतिरोधक आला की नवनाथरावांना हळू घ्यायला सांग.

तुझा,
आबा


शिरूर
२५ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप आबांना राजश्रीचा नमस्कार.

पत्र मिळालं. गाडीबद्दलचं ह्यांना वाचून दाखवलं नाही. तुम्ही बारशात बोललात तेच खूप झालं. कर्ज काढून घेतलेली गाडी आहे, आबा. चार लोकांत तिला नावं ठेवली की माणूस दुखावतो.

शुक्रवारचा विषय तुम्ही काढणार नाही म्हणालात, म्हणून मीही काढत नाही. एवढंच लिहिते की आत बसून मला सगळं दिसत होतं. तुम्ही ओट्यावर आलात. माझ्याकडं सरळ बघितलंत. मग डोक्यावरची टोपी नीट केलीत आणि हात मागं बांधून उभे राहिलात. लहानपणी मी शाळा बुडवून आले की तुम्ही असेच उभे राहायचात. तेव्हा तुम्ही बोलायची गरज नसायची, आताही नव्हती. मी समजायचं ते समजले. हे देवळातून आल्यावर मीच म्हणाले, "चला, जाऊ परत."

गौतमीचं जावळ माघात काढायचं ठरलं आहे, इथंच शिरूरला. तिला सख्खा मामा नाही, म्हणून शेजारच्या नीलमवहिनींचा भाऊ मानलेला मामा होऊन तिला मांडीवर घेईल. तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण दोन गाड्या बदलत यायची ओढाताण करू नका.

दगडाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी त्या मला कुठं दिसल्या नाहीत.

आपली,
राजश्री


भांडगाव
१० डिसेंबर २००२

चि. राजश्रीला आबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी पोस्टमनसमोरच उघडलं आणि मग त्याला "काय न्हाई, सगळं बरं हाय" असं सांगत बसलो.

जावळाला नीलमबाईचा भाऊ कशाला? तो माणूस चांगला असेल, मी काही म्हणत नाही. पण बारशाला पाळण्यापाशी तूच म्हणाली होतीस की मामा नाही तर आबाच मांडीवर घेतील. माझ्या ध्यानात आहे. मी त्यासाठी एक धोतर बाजूला काढून ठेवलं आहे. ते मी दिवाळीलाही नेसलो नाही.

आता तू लिहिलंस त्याचं उत्तर देतो. विषय काढणार नाही म्हणालो होतो, पण तू काढलास, तर ऐक.

मी तुला पाहिलंच नाही. तुमच्या गाडीच्या मागच्या काचा काळ्या आहेत. भर दुपारचं ऊन होतं. मी ओट्यावरून त्या काचेकडं बघितलं, तर मला एक म्हातारा दिसला, टोपी वाकडी झालेला. म्हटलं, लेक दार उघडून उतरेल आणि बाप असा बावळट दिसायला नको. म्हणून टोपी सरळ केली. तू माझ्याकडं बघत होतीस, मी माझ्याकडं बघत होतो. असल्या काचा कुणी काढल्या असतील? आतल्या माणसाला वाटतं बाहेरचा आपल्याला बघतोय. बाहेरचा आपल्याच मिशा बघतोय.

हात मागं बांधले ते रागानं नाही. हे मी तुला कळवलं नव्हतं. गणपतीपासून माझा उजवा हात थरथरतो. चहा बशीत ओतला तर निम्मा खाली जातो. भेटीला आल्या आल्या तुला ते दिसू नये म्हणून मी एक हात दुसऱ्या हातानं मागं धरून ठेवला होता.

आणि मी पुढं का आलो नाही, तर दगडाबाईनं मला ओट्यावर खिळवून ठेवलं होतं. म्हणाली, "आबा, जागचं हलायचं न्हाई. लेकरू पहिल्यांदा येतंय. तुकडा ओवाळून टाकल्याबगार कुणी सामोरं जायचं न्हाई. नजर लागती." ती दाराच्या आत ताट घेऊन उभी होती, म्हणून तुला दिसली नाही. मी म्हटलं, आता दार उघडेल, आता उघडेल. दार उघडलं नाही.

माझं सगळं सांगून झालं. आता तू सांग. तू उतरली का नाहीस?

आणखी एक. पाळण्यात ठेवल्यासारखं लेकराला मागच्या सीटवर एकटं झोपवू नकोस. ती सीट गुळगुळीत आहे, ब्रेक लागला की पोर घसरेल.

आबा


शिरूर
२ जानेवारी २००३

तीर्थरूप आबांना नमस्कार.

पत्र मिळालं. घरात पाकीट नव्हतं म्हणून कार्ड टाकते. तुमच्या हाताचं वाचून फार वाईट वाटलं. शिरूरला चांगले डॉक्टर आहेत. का उतरले नाही ते कार्डावर लिहायची गोष्ट नाही. खरं तर मला सांगायची लाजच वाटते. ते विचारू नका. गौतमीला खालचा एक दात आला आहे.

राजश्री


भांडगाव
२० जानेवारी २००३

माझी राजू,

तुझं कार्ड आलं. त्यातला लाज हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटलं, तुला घराची लाज वाटली. पुढचा पत्रा गंजलाय, ओट्याची फरशी फुटली आहे. नव्या गाडीतून अशा घरापुढं उतरायचं तर कुणालाही लाज वाटेल. मी सिमेंट आणून फरशी भरून घेतली. थरथरत्या हातानं भरली म्हणून ती आता आणखी वाईट दिसते. पण आता मला वाटतं ती लाज त्याची नव्हती. काय झालं ते सविस्तर सांगतो.

गावातल्या सोपानरावांच्या मुलानं, मच्छिंद्रनं, तुमच्यासारखीच गाडी घेतली आहे. रंग वेगळा, बाकी तीच, पन्हाळ नसलेली. गेल्या आठवड्यात तो सोपानरावांना दौंडला डोळे दाखवायला नेणार होता. म्हणाला, "आबा, तुमीबी चला, मोतीबिंदू बघून घ्या." मी मागं बसलो. चौफुल्यापर्यंत मी त्याला गतिरोधक सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, "आबा, गाडी मी चालवू का तुमी?"

दवाखान्यापुढं गाडी लावून मच्छिंद्र चावी घेऊन नंबर लावायला पळाला. सोपानराव पुढच्या दारानं उतरून काठी टेकत गेले. मी माझ्या दाराची मूठ ओढली. मूठ ओढली जाते, पण दार उघडत नाही. पुन्हा ओढली. दुसऱ्या बाजूला सरकलो, तिकडंही तसंच. काच खाली घ्यायची तर फिरवायला दांडा नाही, नुसतं बटण. ते दाबलं तर काहीच होईना. चावी काढली की ती काच मेली म्हणे.

आधी मला वाटलं मलाच जमत नाही. मग भीती वाटली. मग लाज वाटली, राजू. सत्तरीचा माणूस, आणि गाडीचं दार उघडता येत नाही. लोकांना हाक मारायची तर लोक काय म्हणतील! काचेवर टकटक केली ती पण हळूच, कुणी हसू नये म्हणून.

एवढ्यात एक भेळवाला माझ्या काचेपाशी आला. वाकला. माझ्या तोंडापुढं वीतभर अंतरावर त्याचं तोंड आलं. मी म्हटलं, देव पावला, याला दिसलो. मी हात हलवला. त्यानं माझ्या डोळ्यांत बघत खिशातून फणी काढली, भांग पाडला, दातात अडकलेलं काहीतरी नखानं काढलं आणि निघून गेला.

तेव्हा मला टोपी आठवली.

सीटवर मागं टेकून मी तसाच बसून राहिलो. म्हटलं, माझी पोर अशीच आत बसली होती. मांडीवर लेकरू, आणि बाहेर बाप टोपी नीट करतोय.

राजू, तू उतरली नाहीस असं मी दोन पत्रांत लिहिलं. तुला दार उघडलंच नाही ना? लाज म्हणालीस ती हीच ना? आणि माझे कान असे, तू काच वाजवली असशील तरी मला कुठून ऐकू येणार!

मच्छिंद्र आल्यावर त्यानं बाहेरून दार उघडलं, लगेच उघडलं. मी त्याला फार बोललो. त्यानं दाराच्या कडेला एक बारकी कळ दाखवली. दार लावलं की ती झाकली जाते, दिसतही नाही.

"आबा, ही लहान पोरांसाठी असती. खाली केली की आतनं दार उघडत न्हाई. पोरं पडायला नकोत म्हणून."

"आन् म्हाताऱ्यांसाठी काय केलंय?"

"म्हाताऱ्यांसाठी कायबी केलेलं न्हाई आबा," असं तो म्हणाला आणि हसायला लागला. सोपानरावही हसले. मी हसलो नाही. माझं लक्ष त्या कळेकडं होतं. नखाएवढी आहे.

घरी आल्यावर दगडाबाईला सगळं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "गाडी शहाणीच म्हणायची. तिला कळलं आत लेकरू बसलंय. तुमच्यापुढं राजू काय मोठी झाली व्हय?" मी तिला म्हटलं, तुझ्या त्या भाकरतुकड्यापायी मी जागचा हललो नाही. तर म्हणते, "आवं, मग रस्त्यावर ओवाळू की! भैरोबाला काय घराचा उंबराच दिसतो व्हय?" हे तिनं त्या शुक्रवारी सांगितलं असतं तर!

नवनाथरावांना माझा निरोप दे. गाडीला जे बोललो ते गाडीलाच बोललो. पण बारशाच्या पंगतीत बोलायचं ते नव्हतं. त्यांनी माझी पायरी चढावी.

जावळ कुणाच्याही मांडीवर काढा. पण एकदा येऊन जा. यावेळी मी ओट्यावर उभा राहणार नाही. भैरोबाच्या वळणावर येऊन उभा राहतो. गाडी थांबली की कळ कशीही असो, बाहेरून दार मी उघडतो. मच्छिंद्रच्या गाडीवर उघडून बघितलं आहे. मूठ वर ओढायची असते.

आबा


शिरूर
३० जानेवारी २००३

आबा,

तुमचं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग स्वयंपाकघरात खाली बसले.

हो, दार उघडत नव्हतं. मी नेहमी पुढं बसते. त्या दिवशी गौतमी झोपली होती म्हणून तिला घेऊन मागं बसले. हे चावी घेऊन देवळाकडं गेले, जाताना म्हणाले, "तू उतर, मी काही आत येत नाही." मी मूठ ओढली. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच झालं. आधी वाटलं मलाच जमत नाही. बारावी शिकले, नवऱ्यानं गाडी घेतली, आणि बाईला दार उघडता येत नाही. काचेवर हळूच वाजवलं, कारण पोरगी उठली असती. पुढच्या सीटवरून जावं म्हटलं तर मांडीवर ही आणि अंगावर नऊवारी. तुमच्यासाठी मुद्दाम नेसले होते. आईची होती.

हॉर्न वाजवायचं सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी बापाला काय हॉर्न वाजवून बोलवायचं?

मला वाटलं, तुम्ही सगळं बघताय. मी मूठ ओढतेय, काच वाजवतेय, आणि तुम्ही टोपी नीट करून हात मागं बांधताय. मग मी मूठ सोडून दिली. घरी आल्यावर पोरगी कडेवर होती म्हणून ह्यांनीच बाहेरून दार उघडून दिलं. त्यामुळं दारात काही खोट आहे हे आम्हाला कळलंच नाही. मी ह्यांना दाराचं सांगितलं नाही. म्हटलं, हसतील.

तुमचं पत्र मात्र ह्यांना वाचून दाखवलं. आधीचीही सगळी दाखवली. भेळवाल्यापाशी हे खूप हसले. मग उठून गाडीपाशी गेले आणि दाराच्या कडेला बोट फिरवून बघितलं. दोन्ही दारांची कळ खाली होती. लक्ष्मीपूजनाला गाडी धुताना ह्यांनीच ती फडक्यानं खाली केली असणार, असं स्वतःच म्हणाले. मग एक बादली आणून टपावर ओतली आणि आत बसून दार उघडलं. पाणी सगळं ह्यांच्या विजारीवर. मी खिडकीतून बघत होते. म्हणाले, "आबा बरोबर बोलत होते की गं. ही पन्हाळ काढली कुणी?" जादा चाकाचंही त्यांना पटलं. तांब्याचं पटलं नाही. म्हणाले, "आबांना सांग, आम्ही बाटली वापरतो."

नऊ तारखेच्या रविवारी आम्ही येतोय. नीलमवहिनींच्या भावाला सांगून टाकलं आहे, त्यानं मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. जावळ भांडगावलाच, ओट्यावर, तुमच्या मांडीवर. आपल्या न्हाव्याला आधी सांगून ठेवा, त्याचा वस्तरा नवा असू द्या. हात थरथरतो म्हणून काळजी करू नका, पोरीला हे धरतील, तुम्ही नुसती मांडी द्यायची. हे पायरी चढणार आहेत, तसं त्यांनी मला दोनदा सांगितलं. फुटलेल्या फरशीवरून पाय घसरला तर तुमचं नाव घेतील, तेवढं ऐकून घ्या.

भैरोबाच्या वळणापर्यंत यायला नको, तिथं उन्हात थांबाल. ओट्यापाशीच थांबा.

ती कळ आता वर केली आहे. दार आतून उघडतं. मी उघडून बघितलं. पण आबा, रविवारी गाडी थांबली की मी दाराला हात लावणार नाही. गौतमीला मांडीवर घेऊन बसून राहीन. तुम्ही खाली उतरून या. हात मागं बांधू नका. थरथरला तर थरथरू द्या, बाहेरून ते दार हलकं आहे.

तुमची,
राजू